स्वतः लिहिणाऱ्या-गाणाऱ्या कलाकाराचा अल्बम नाशिकमध्ये करताना प्रोड्यूसरने नेमकं काय करायचं?

तुम्ही विचारलंय की तुमची भाची स्वतः गाणी लिहिते, चाली लावते, गिटारवर गाते आणि आता अल्बमपुरती गाणी तयार झाली आहेत. तो नाशिकमध्ये करावा की मुंबईला जावं, प्रोड्यूसर घेतला तर त्याने काय करायचं, आणि पैसे-हक्क यांचं आधी काय ठरवावं, असे तुमचे प्रश्न आहेत. मी गंगापूर रोडला छोट्या स्टुडिओत बरीच वर्षं हेच काम करतोय. नुकताच सिन्नरच्या एका गायिकेचा अल्बम पूर्ण केला. शब्द तिचे, चाल तिची, गिटार तिची. दिवसा शाळेत शिकवते. नाव सांगत नाही, पण ते काम कसं झालं ते सांगतो. तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्यात मिळतील.

आधी माझं ठाम मत. अशा कलाकाराचा गळा आणि गिटार एकत्रच रेकॉर्ड करा, एका टेकमध्ये, समोरासमोर बसून. बाकीचे सगळे निर्णय त्यानंतर.

रूढ पद्धत वेगळी आहे. क्लिक (हेडफोनमध्ये वाजणारा लयीचा टिकटिकाट) लावायचा, त्यावर पायलट ट्रॅक, म्हणजे अंदाजासाठी कच्चं गाणं घ्यायचं, मग गिटार, मग ठेका, बाकीची वाद्यं आणि सगळ्यात शेवटी गायकाला बोलवायचं. चित्रपटगीत किंवा जिंगल असेल तर ही पद्धत उत्तम, कारण तिथे संगीतकार, ॲरेंजर आणि गायक वेगवेगळे असतात. पण जिने गिटार हातात धरूनच गाणं रचलंय तिचा उजवा हात तिच्या श्वासाबरोबर चालतो. शब्द अडला की हात अर्धी मात्रा थांबतो. कडव्यात लय थोडी चढते, ध्रुवपदावर येताना पुन्हा बसते. आमच्या गायिकेच्या एका गाण्यात ध्रुवपद मिनिटाला ७२ ठोक्यांच्या आसपास होतं आणि कडवं ७६ पर्यंत जायचं. मी क्लिक लावून बघितला. सूर बिनचूक लागले, लयही चोख होती, आणि ऐकताना मात्र वाटलं की ही दुसऱ्याच कुणाचं तरी गाणं म्हणतेय. क्लिक बंद केला.

हे करायचं तर तयारी स्टुडिओत येण्याआधीच व्हायला हवी. मी तिला सांगितलं होतं की सगळी गाणी घरीच, रात्री सगळं शांत झाल्यावर, फोनवर रेकॉर्ड करून पाठव. आवाजाच्या दर्जाची काळजी करू नकोस. ती फोनवरची रेकॉर्डिंग्ज आमच्यासाठी शेवटपर्यंत प्रमाण राहिली. स्टुडिओत लाल दिवा लागला की जवळजवळ प्रत्येक गायकाची लय चढते. तो धीटपणाचा किंवा अनुभवाचा प्रश्न नाही, शरीरच तसं वागतं. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा तिला तिचंच घरचं रेकॉर्डिंग ऐकवायचं. ती स्वतःच म्हणते, ‘हो, मी पळतेय.’

पट्टीचंही तसंच. एक गाणं तिने कॅपो (गिटारच्या तारा दाबून धरणारा चिमटा) पहिल्या पडद्यावर लावून, ‘जी’ कॉर्डच्या आकारात, म्हणजे काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी षड्ज धरून) बसवलं होतं. घरी हळू आवाजात म्हणताना ती पट्टी छान वाटायची, पण माइकसमोर पूर्ण गळ्याने म्हणताना तार गंधारावर आवाज चिरकत नव्हता तरी ताणला जात होता, आणि त्या जागी शब्द होता ‘आई’. तो शब्द ताणून चालणार नव्हता. काळी तीनमध्ये आणायचं ठरलं. सोपा मार्ग होता ‘ई’चा आकार घेऊन कॅपो दुसऱ्या पडद्यावर लावायचा, पण तसं केलं तर मोकळ्या तारांची घुमणारी जागा बदलते आणि तिची बोटं नव्या वळणावर जातात. आम्ही कॅपो काढला, सगळ्या तारा अर्धा सूर उतरवल्या आणि आकार ‘जी’चाच ठेवला. बोटं जिथे होती तिथेच, सूर मात्र दोन अर्ध्या सुरांनी खाली. तारा किंचित सैल झाल्यामुळे गिटारही जरा गंभीर बोलायला लागली. ती पहिल्यांदा त्या पट्टीत ‘आई’ म्हणाली तेव्हा तो शब्द बोलल्यासारखा आला, आणि त्या दिवशी मी दुसरं काही रेकॉर्ड केलं नाही.

या बदलाचा परिणाम पुढच्या वादकांवर होतो, हे आधी लक्षात घ्या. त्या गाण्यात तबला होता. काळी तीनला दाया (उजव्या हाताचा तबला) षड्जात लावायचा म्हणजे एक तर फार चढा, नाहीतर मोठ्या तोंडाचा ढाला, म्हणजे खालच्या सुराचा तबला हवा. आमच्या तबलजींनी काळी एकचा दाया आणला आणि पंचमात लावला. काळी तीनचा पंचम काळी एकच येतो, त्यामुळे तो गाण्यात मिसळून गेला. पेटी असेल तर सगळ्यात आधी पेटी तपासायची, कारण तिचे सूर ऐन वेळी बदलता येत नाहीत. बऱ्याच जुन्या पेट्या ४४० हर्ट्झ या प्रमाण सुराला नेमक्या नसतात, थोड्या वर किंवा खाली असतात. गिटार पेटीला मिळवून घ्यायची, मग बाकीचे. हे उलट्या क्रमाने केलं तर मिक्सिंगच्या वेळी काहीतरी खटकत राहतं आणि काय ते कुणाला सांगता येत नाही.

आता एकत्र रेकॉर्डिंगची अडचण. गळ्याच्या माइकमध्ये गिटार शिरते, गिटारच्या माइकमध्ये गळा शिरतो. यावर एक जुना आणि खात्रीचा उपाय आहे: आठच्या आकड्यासारखा ऐकणारा माइक. अशा माइकला पुढून आणि मागून ऐकू येतं, पण कडेने तो जवळजवळ बहिरा असतो. गळ्याचा माइक तोंडाच्या जरा खाली ठेवून वर रोखायचा, म्हणजे त्याची बहिरी बाजू गिटारकडे येते. गिटारचा माइक बाराव्या पडद्याच्या समोर, खाली कललेला ठेवायचा, म्हणजे त्याची बहिरी बाजू तोंडाकडे येते. दोन-चार इंचांनी, थोड्या अंशांनी फरक पडतो. हेडफोन लावून कुणाला तरी माइक हळूहळू फिरवायला सांगा, एका जागी गिटार एकदम मागे सरकल्यासारखी ऐकू येईल. तिथे स्क्रू घट्ट करायचा. माइकला मागूनही ऐकू येत असल्यामुळे त्याच्या पाठीमागे जाड रॉकवूलचं (आवाज शोषणाऱ्या दगडी लोकरीचं) पॅनल उभं करा. असा माइक नसेल तर दोन साधे कार्डिओइड, म्हणजे मुख्यतः पुढूनच ऐकणारे माइकही चालतात, फक्त मिसळ जास्त होईल. ती मिसळ मला वाईट वाटत नाही. खोलीत एक माणूस गिटार घेऊन गातोय हेच तर ऐकवायचं असतं.

याची किंमत आहे आणि ती गायिकेला आधीच सांगायला हवी: एखादा शब्द चुकला तर तेवढाच पंच करता, म्हणजे तेवढाच नव्याने भरता येत नाही, सूर सॉफ्टवेअरने सरळ करता येत नाही, कारण त्याबरोबर गिटारही हलते. अख्खं कडवं पुन्हा म्हणावं लागतं. आमची गायिका हे ऐकून उलट सुखावली. ‘म्हणजे कार्यक्रमात गाते तसंच ना?’ तसंच. आम्ही प्रत्येक गाण्याचा एक टेक पाया म्हणून निवडला आणि अगदी गरज पडली तिथेच दुसऱ्या टेकमधलं पूर्ण कडवं जोडलं, तेही जिथे तारेचा झणकार संपत येतो तिथे. ओळीओळीला वेगवेगळ्या टेकमधून वेचून केलेला आवाज कागदावर निर्दोष असतो, पण गोष्ट सांगणाऱ्या गाण्यात पहिल्या ओळीतला माणूस आणि शेवटच्या ओळीतला माणूस एकच राहत नाही.

मराठी गळ्याबद्दल एक गोष्ट. आपल्याकडे भ, फ, घ, ध अशी महाप्राण अक्षरं पावलोपावली येतात. ‘भाकर’, ‘फुफाटा’, ‘धग’ असे शब्द सरळ माइकवर म्हटले की हवेचा धपका बसतो. पॉप फिल्टर लागतोच, पण त्याहून उपयोगी म्हणजे माइक ओठांच्या नेमका समोर न ठेवता थोडा बाजूला किंवा वर-खाली कलता ठेवणं. श आणि स साठीही तेच. नंतर डी-एसर (स-श ची शीळ कमी करणारं साधन) लावून स कापत बसलं की शब्दाची धार जाते, आणि या प्रकारच्या अल्बममध्ये शब्द पुसट झाला तर उरलं काय? रेकॉर्डिंग २४ बिटला, ४८ किलोहर्ट्झला करा आणि लेव्हल मोकळी ठेवा. सर्वांत मोठा आवाज उणे १० डेसिबलच्या आसपास गेला तरी पुरे. आवाज मीटरवरच्या लाल दिव्याला टेकवायची सवय टेपच्या आणि १६ बिटच्या काळातली, आता तिची गरज उरलेली नाही.

हेडफोनमध्ये गायक सुरात खाली उतरतोय असं वाटलं तर ओरडू नका. एका कानावरचा हेडफोन काढायला सांगा. स्वतःचा आवाज हवेतून ऐकू आला की बहुतेकांचा सूर लगेच जागेवर येतो. आमच्याकडे तर बरीचशी गाणी हेडफोनशिवायच झाली, कारण ऐकायला दुसरं काही नव्हतंच.

जागेविषयी. नाशिकमध्ये चांगलं रेकॉर्डिंग होत नाही हा समज सोडून द्या. गळा आणि गिटारसाठी लागते ती शांत, फार न घुमणारी खोली, आणि ती इथे मिळते. आम्ही दोन गाणी गोदाकाठच्या एका जुन्या वाड्याच्या माजघरात केली. जाड मातीच्या भिंती, वर कडीपाट, सागवानी खांब. आवाज विखुरतो, पण कर्कश परत येत नाही. नव्या फ्लॅटच्या चौकोनी खोलीत हे सुख नाही. तिथे कोपऱ्यांत किमान ४ इंच जाडीचे रॉकवूल लावा. अंड्यांचे ट्रे आणि पातळ फोम फक्त वरचे सूर शोषतात, खालची घुम तशीच राहते आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. वाड्यात दिवसभर गाड्या, देवळांच्या घंटा, आणि त्या मला एरवी प्रिय असल्या तरी हळव्या गाण्यात नको होत्या. म्हणून रात्री उशिरा बसायचो.

आणि तारखा ठरवताना शहराचं वर्षाचं चक्र बघा. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने संध्याकाळी मैदानामैदानावर ढोल पथकांचा सराव असतो. नाशिक ढोलाचा खालचा आवाज कुठल्याही साध्या दारा-खिडकीतून आत येतो, फोम लावून तो थांबत नाही. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, पंखा-एसी बंद ठेवून गाणं हे गायकावर अन्याय आहे. पावसाळ्यात हवा दमट असली की तबल्याचं कातडं उतरतं आणि दर थोड्या वेळाने हातोडी हातात घ्यावी लागते. मला इथला हिवाळा आवडतो, डिसेंबर-जानेवारी, फक्त हवा कोरडी असते म्हणून गळ्याला कोमट पाणी सतत लागतं आणि पहाटे कुणी गाऊ नये. पूर्ण गळ्याने दोन तासांच्या वर गायला लावू नका. त्यानंतरचे टेक तेव्हा भारी वाटतात आणि सकाळी ऐकवत नाहीत. रेकॉर्डिंगच्या आधी मिसळही नको, तिखट-तेलकट खाल्लं की घशाशी येतं.

वाद्यं किती घ्यायची? इथे गुणी कलाकाराच्या आजूबाजूची माणसंच सगळ्यात जास्त गोंधळ घालतात. ‘जरा व्हायोलिन टाका’, ‘हल्लीचं वाटलं पाहिजे’, ‘बीट हवा’. प्रेमापोटीच म्हणतात, पण गाणं आधीच पूर्ण असेल तर प्रत्येक नवं वाद्य शब्दापासून थोडं लक्ष काढून घेतं. माझा नियम असा की एखादं वाद्य घ्यायचं तर ते काय सांगणार आहे हे आधी एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. तिचं एक गाणं आजीबद्दल आहे, चैत्रात वणीच्या सप्तशृंगी गडाला पायी जाणाऱ्या. तिला सुरुवातीपासून संबळ हवं होतं, आणि संबळाशिवाय हे गाणं नाही हे मलाही पटत होतं. मी एवढंच विचारलं की आजी गडाजवळ कुठल्या कडव्यात पोचते. शेवटच्या. मग संबळ तिथेच वाजलं. त्याआधीची चारही कडवी फक्त गिटार आणि पावलांसारखा पडणारा तिचा अंगठा. गोंधळ घालणाऱ्या घरातलेच वादक बोलावले. त्यांना क्लिक दिला नाही, की मात्रा लिहून दिल्या नाहीत. गाणं दोन-तीनदा ऐकलं, डोळे मिटून आकड्याची काठी हळूच फिरवून पाहिली आणि तिच्या चढत्या लयीला असे चिकटले की मला काही सांगावंच लागलं नाही. संबळ जोरदार वाद्य आहे, जवळ माइक लावला तर नुसता टणत्कार येतो. माइक ७-८ फुटांवर, छातीच्या उंचीला ठेवला, तेव्हा दोन्ही भांड्यांचा घुमारा आणि काठीचा चटका सारखे आले.

शब्दांत प्रोड्यूसरने हात घालावा का? लिहू नये, विचारावं. त्याच गाण्याला मुळात सहा कडवी होती आणि ते सात मिनिटांकडे जात होतं. द. वि. पलुस्कर १९२१ साली याच नाशिकमध्ये जन्मले. त्यांच्या काळातल्या ७८ आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मिळायची आणि तेवढ्यात ती मंडळी अख्खा राग उभा करायची. आज ती मर्यादा नाही, म्हणून लांबी आपण ठरवायची असते. मी तिला सलग ऐकवलं आणि विचारलं, कुठे लक्ष सुटलं? तिने स्वतःच एक कडवं काढलं. तिला ते आवडत होतं, म्हणून ती त्या संध्याकाळी गप्प होती, आणि मी समजूत घालायला गेलो नाही. स्वतःची ओळ काढणं काय असतं ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल मी कडवा आहे. ही साधनं पियानोच्या बारा सुरांचं मोजमाप धरून चालतात. आपल्या चालीतला कोमल गंधार कित्येकदा त्याहून किंचित खाली असतो आणि तिथेच त्याची व्यथा असते. मींड तर सरळ पायऱ्यांची होऊन जाते. वेगळा रेकॉर्ड केलेला एखादा कोरसचा सूर हलका सरकवणं ठीक, मुख्य गळ्याला हात लावू नका.

मिक्सिंगमध्ये फार काही नव्हतं. गळ्याला ८० हर्ट्झखाली कट, गिटारमध्ये २०० ते ३०० च्या पट्ट्यात थोडी जागा, हलका कॉम्प्रेसर. मास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सवरचा शेवटचा हात, मात्र दुसऱ्या माणसाकडून करून घ्या, ज्याने आधी एकही टेक ऐकलेला नाही अशाकडून. त्याला सांगा की आवाज दाबून मोठा करू नकोस. स्पॉटिफायसारख्या सेवा गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणून वाजवतात. दाबून मोठं केलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं आणि दाबलेपण तेवढं शिल्लक राहतं. मुंबईला जायचं असेल तर या कामासाठी, किंवा इथे न मिळणाऱ्या एखाद्या वादकासाठी जा. त्यासाठी फायली पाठवल्या तरी भागतं. गळा मात्र जिथे ती रात्री घरी जाऊन झोपू शकते तिथेच रेकॉर्ड करा. कसाऱ्याचा घाट उतरून, तासाच्या भाड्याकडे बघत गायलेलं गाणं आणि निवांतपणे गायलेलं गाणं यांतला फरक मला कानांनी कळतो.

आता कागद. हे रेकॉर्डिंगच्या आधी करा, मैत्री कितीही असली तरी. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण हे तीन वेगळे हक्क आहेत. शब्द आणि चाल तुमच्या भाचीची. तिच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक तो, ज्याने ते करायचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली. म्हणजे पैसे तुम्ही घालताय आणि काम माझ्यासारखा कुणी करतोय, तर मास्टर, म्हणजे ते मूळ ध्वनिमुद्रण, कुणाच्या मालकीचं हे लिहून ठेवलंच पाहिजे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला समान वाटा मिळण्याचा हक्क सोडून देता येत नाही, कायदेशीर वारस किंवा हक्कांची संस्था सोडून कुणाला देताही येत नाही. ‘सर्व हक्क कायमचे आमचे’ असं लिहिलेला कागद समोर आला तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. तिला आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासद करा, गीतकार आणि संगीतकार अशा दोन्ही नात्यांनी. वादकांचं मानधन त्याच दिवशी द्या आणि श्रेयनामावलीत नाव त्यांना विचारून, ते सांगतील तसं लिहा. प्रत्येक रेकॉर्डिंगला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक (त्या रेकॉर्डिंगची ओळख) लागतो, तो गाणी ऑनलाइन सेवांवर पोचवणाऱ्या वितरकाकडून मिळतो. गाणं नव्याने रेकॉर्ड केलं तर क्रमांकही नवा.

कवितेबद्दल वेगळं सांगतो, कारण हे शहर कुसुमाग्रजांचं आहे आणि इथल्या नव्या गायकांना अल्बममध्ये त्यांची एक तरी कविता हवी असते. तात्यासाहेब, म्हणजे कुसुमाग्रज, १९९९ साली गेले, त्यामुळे त्यांच्या लेखनाचा हक्क २०५९ अखेरपर्यंत आहे. परवानगी घ्यावी लागते आणि ती लेखी घ्यावी. जात्यावरच्या पारंपरिक ओव्यांना ती अडचण नाही. आमच्या गायिकेने आजीची एक ओवी घेतली आणि श्रेयनामावलीत ‘पारंपरिक’ लिहिलं.

शेवटी तुमच्या भाचीला लागणाऱ्या गोष्टी. काम संपल्यावर प्रोड्यूसरकडून मूळ मल्टिट्रॅक फायली (प्रत्येक माइकचा वेगळा ट्रॅक) वेव्ह स्वरूपात घ्या, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. गळ्याशिवायचं मिक्सही मागून घ्या, जिथे वाद्यं वेगळी रेकॉर्ड झाली असतील तिथलं. आणि प्रत्येक गाण्याची पट्टी, तारा कशा लावल्या, कॅपो कुठे, तबला कशात, हे एका कागदावर लिहून घ्या. उद्या कालिदास कलामंदिरात कार्यक्रम ठरला आणि नवा तबलजी आला तर त्याला हाच कागद लागेल.